टंपावरचं झाड

शनिवारी आम्ही लाकडं फोडत होतो. म्हणजे एल्विन फोडत होता आणि मी रचत होते. झाड टंपाच्या माथ्यावरचं होतं. अ‍ॅशचं, एल्विनच्या आजोबांच्याही आधीचं. इकडच्या सगळ्याच अ‍ॅशना बुरशीचा रोग लागलाय, शेंड्याकडून वाळत येतात आणि एक दिवस वाऱ्यात मोडून पडतात. हे मोडून मेंढ्यांवर पडायच्या आत एल्विननं माणसं लावून ते पाडलं होतं.

"टेग, तुझ्या लायब्ररीत पुस्तकं अशीच रचतात का गं? एक काढलं की दहा अंगावर?"

"लायब्ररीत कुणी कुऱ्हाड घेऊन येत नाही."

"म्हणूनच कुणी येत नाही."

सत्तरी कधीच उलटली होती, पण कुऱ्हाड उचलताना त्याचा श्वास लागत नसे. बोलताना लागे. म्हणून तो दोन घावांच्या मध्ये बोलायचा आणि घाव घालताना हसायचा.

टंप म्हणजे आमच्या शेतातलं मातीचं टेकाड. कुणा नॉर्मन सरदारानं नऊशे वर्षांपूर्वी आसपासच्या लोकांना टोपल्या वाहायला लावून ते रचलं आणि वर लाकडी बुरूज उभा केला. टेकाडाभोवती खोल खंदक, खंदकापुढे मातीच्या बांधानं घेरलेलं आवार. आवारातून टेकाडावर जायला खंदकात एकाच ठिकाणी भराव टाकून वाट ठेवली. बुरूज जळाला, सरदाराचा वंश बुडाला, माती राहिली. आता आवारात मेंढ्या चरतात. नदीला पूर आला की आवार पाण्याखाली जातं आणि मेंढ्या आपण होऊन टंपावर चढतात. कुणाला हाकावं लागत नाही. आईच्या मागून पिल्लू शिकतं.

हे सगळं मी पुस्तकांत शोधून काढलं होतं, एकदा जेवताना एल्विनला वाचूनही दाखवलं होतं. तो म्हणाला होता, "सरदाराचं नाव दिलंय. टोपलीवाल्यांचं?"

"नाही दिलं."

"मग मिटव ते आणि कांद्याचं लोणचं सरकव इकडे."

त्या शनिवारी ऊन पडलं होतं. फेब्रुवारीत आमच्याकडे असं ऊन म्हणजे पाहुणाच. लाकडं रचून झाल्यावर आम्ही बांधावर बसून चहा प्यायलो, थंड मटण आणि चीज खाल्लं. समोर टंप उघडाबोडका दिसत होता.

"टक्कल पडलं बिचाऱ्याला," एल्विन म्हणाला. "माझ्यासारखं."

"रिकामं वाटतंय."

"ते काटेरी पोरगं आहे ना शेजारी. चार-पाच वर्षांत भरेल बघ."

झाडाच्या जागेपासून थोडं उजवीकडे एक काटेरी झुडूप होतं, पुरुषभर उंचीचं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो होतो. मागे नदीपलीकडच्या चर्चचा मनोरा दिसत होता. बघायचं ते सगळं डोळ्यांसमोर होतं. दोघांपैकी एकाच्याही मनात काही आलं नाही.

निघताना त्यानं माझ्या गाडीच्या डिकीत लाकडं भरली.

"ओलं असलं तरी जळतं हे. अ‍ॅशचं तेवढं बरं असतं."

"माझ्या घरात चूल नाही, एल्विन. तुला माहितेय."

"असू देत. कधी घेतलीस तर."

रेडिओवर सांगत होते, डोंगरात रात्री जोराचा पाऊस आहे. तो म्हणाला, पाणी इथं पोचायला सोमवार उजाडेल. पण बर्फही वितळत होतं. पाणी रविवारी पहाटेच आलं.

*

फोन इडवलकाकांचा होता. इडवल गिटिन्स, आमच्या वरच्या अंगाला ज्यांचं शेत आहे ते.

"टेग, पोरी, एल्विन तुझ्याकडे आला नाही ना गं?"

एल्विन माझ्याकडे शहरात आयुष्यात दोनदा आला होता. दोन्ही वेळा आईबरोबर.

"काय झालं काका?"

"घर उघडं आहे. कप टेबलावर आहे. कुत्री टंपावर आहे आणि भुंकतेय."

नदीकाठचा रस्ता बंद होता. मी डोंगरावरून वळसा घालून पोचले तोवर अग्निशमन दलाची बोट त्याला घेऊन बांधाला लागली होती. तो खंदकात सापडला. पाण्याखाली कधीकाळचं तारेचं कुंपण होतं, त्यात कोट अडकला होता, म्हणून वाहून गेला नव्हता. मेंढ्यांच्या खाद्याचं पोतं त्यानं सुतळीनं पाठीला बांधलं होतं. खाद्य भिजून फुगलं होतं आणि पोतं त्याच्या खांद्यांपेक्षा रुंद झालं होतं. बोटीवरच्या माणसानं ती सुतळी कापली तेव्हा पोतं धप्पकन खाली बसलं. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

चेहरा त्याचाच होता. फक्त कडेचे उरलेसुरले केस विंचरल्यासारखे मागे गेले होते. ते त्यानं कधी विंचरले नाहीत.

पोलीस बाई तरुण होती, चिखलात नीट उभं राहता येत नव्हतं तिला. तिनं विचारलं, "तुमचे कोण हे?"

"माझ्या आईचे दुसरे पती," मी म्हणाले.

इडवलकाकांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

माझे वडील मी चार वर्षांची असताना गेले. ट्रक चालवायचे, घाटात धुक्यामध्ये गाडी खाली गेली. त्यांचा चेहरा मला आठवत नाही, पण त्यांना मारायची हाक आठवत होती. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवतात तशी ती मी झाकून ठेवली. आईनं एल्विनशी लग्न केलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. आई म्हणाली, आता यांना बाबा म्हणायचं. मी तोंड घट्ट मिटून उभी राहिले. तेव्हा तो गुडघ्यांवर बसून म्हणाला होता, "एल्विन म्हण की. मेंढ्या तर मला काहीच म्हणत नाहीत, आणि आमचं छान चाललंय."

मग मी एल्विनच म्हणत राहिले. शेजारच्या इडवलना काका म्हणायला मला कधी अडचण आली नाही. आई शेवटपर्यंत यावरून रागवायची. त्यानं त्या दिवसानंतर तो विषय काढला नाही. आई गेल्यावरही मी दर शनिवारी शेतावर येत राहिले. का येतेस, असं त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

*

सोमवारी सकाळी पाणी तसंच होतं. पाऊस थांबला होता. धुकंही नव्हतं. करड्या पाण्याच्या मधोमध टंप आणि त्यावर मेंढ्या दाटीवाटीनं उभ्या. नेल कुत्री त्यांच्याभोवती फिरत होती. पोहत तिकडे गेली होती, परत यायचं नाव घेत नव्हती.

इडवलकाका ट्रॅक्टर घेऊन आले. मागे गवताचे गठ्ठे लादलेले. त्यांची दाढी वाढली होती. मेव्हिसकाकूंनी माझ्यासाठी फडक्यात मनुकांच्या पावाचे तुकडे बांधून दिले होते.

"खा आधी."

"नको."

"काकूला मी काय सांगू? मेव्हिसच्या हातच्याला नाही म्हणणारा माणूस या खोऱ्यात अजून जन्माला यायचाय. भीतीमुळे."

मी एक तुकडा खाल्ला. मग त्यांनी हात लांब करून दाखवलं. कुंपणाच्या झुडपांत दोन मेंढ्या अडकल्या होत्या. पोट फुगलेलं, पाय वर, पाण्याबरोबर हलत होत्या.

"सुरुवात झाली," ते म्हणाले.

मला कळलं. आमच्याकडच्या सगळ्यांनाच कळलं असतं. पुराच्या पहिल्या दिवशी टंपावर खाद्य पोचलं पाहिजे. मूठभर का होईना, पण माणसाच्या हातचं. मग मेंढी थांबते, तिला वाटतं आता घर इथंच. नाही पोचलं तर ती घराच्या दिशेनं पोहायला निघते. लोकरीत पाणी भरतं, आणि एक निघाली की बाकीच्या तिच्या मागून निघतात. एल्विन त्या पोत्यासाठीच निघाला होता. पोतं पोचलं नव्हतं. दुसरा दिवस उजाडला होता, मेंढ्या सगळ्या गाभण होत्या, आणि काठाशी उभ्या असलेल्या पाच-सहा जणींची तोंडं घराकडे होती.

"ट्रॅक्टर जाईल का काका?"

"आवारातून जाईल. अर्ध्या चाकाइतकं पाणी आहे. पण पुढे खंदक आहे ना. भरावावरून गेलो तर गेलो. एक हात इकडेतिकडे झालं तर दोन पुरुष पाणी आहे. मग मेव्हिसला दफनासाठी एकाच्या जागी दोन सुटांना इस्त्री करावी लागेल."

"भराव कुठे आहे, माहीत नाही तुम्हाला?"

"ते एल्विनचं शेत, पोरी. त्याची वाट. मी पूर नसताना शंभरदा गेलो असेन, तेव्हा दिसते ती. आता बघ." त्यांनी पाण्याकडे हात केला. सगळीकडे सारखंच पाणी होतं. "आणि मला एक सांग, आख्ख्या आयुष्यात जो माणूस त्या वाटेवरून चुकला नाही, तो काल कसा चुकला? झटका आला असेल का गं?"

मी बांधावर चढले आणि चालायला लागले. कशासाठी, ते मला नीट माहीत नव्हतं. आठ वर्षांची असताना, लग्नानंतरच्या पहिल्याच पुरात, एल्विननं मला याच बांधावरून चालवत नेलं होतं, बोट धरून. आई घरातून ओरडत होती. तो म्हणाला होता, "टंपावरचं झाड बघ. मागचा मनोरा बघ. चालत राहा. झाड मनोऱ्यावर आलं की थांब, तिथून खाली उतर आणि सरळ झाडाकडे जा. मनोरा झाडामागे लपलेला असला पाहिजे. तो ज्या बाजूनं डोकावेल त्या बाजूला तू भरकटलीस. मग उलटं सरकायचं. पाण्याकडे बघायचं नाही. पाणी खोटं बोलतं." त्या दिवशी पाणी माझ्या कमरेपर्यंत होतं आणि पायाखाली सगळी वाट जमीन होती.

बांधावर एका ठिकाणी गवत सोललं गेलं होतं. बुटाची टाच घसरत खाली गेल्याची खूण. ओली माती उघडी पडली होती, आणि खूण सरळ पाण्यात उतरत होती. आजूबाजूला दुसरं पाऊल नव्हतं. तो इथून उतरला होता.

मी त्याच्या पावलांच्या जागी उभी राहिले आणि मान वर केली.

मनोरा समोर होता. त्याच्यावर बरोबर काळी आकृती होती, टंपाच्या माथ्यावर. पण ते काटेरी झुडूप होतं.

पहाटेचा उजेड, पाऊस, पाठीवर ओझं. माथ्यावर एक काळं काहीतरी मनोऱ्यावर आलं आणि त्याचे पाय आपसूक खाली उतरले. झाड त्यानं स्वतः पाडलं होतं. आदल्या दिवशी त्याचीच लाकडं फोडली होती, ती बांधाशेजारी रचलेली होती. त्या लाकडांजवळून चालत तो इथवर आला होता. पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी काकांना हाक मारली. ते धापा टाकत आले. मी त्यांना माझ्या जागी उभं केलं आणि बोट दाखवलं. त्यांना एल्विनची खूण माहीत नव्हती, ती मी सांगितली. त्यांनी झुडपाकडे पाहिलं, मनोऱ्याकडे पाहिलं, मग खाली, जिथं काल बोट थांबली होती तिथं पाहिलं. तिन्ही एकाच ओळीत होती.

"अरे गाढवा," ते हळूच म्हणाले. "अरे एल्विन, गाढवा रे." टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं आणि बराच वेळ टोपी तोंडावरून हलवली नाही.

टंपावरून एक मेंढी पाण्यात शिरली. नेलनं धावत जाऊन तिला वळवलं. ती वळली, पण बाकीच्या एक पाऊल पुढे सरकल्या.

"झाडाच्या बुडाचं खोड आहे अजून," मी म्हणाले. "टंप सरकारी संरक्षणात आहे, म्हणून उपटायला परवानगी नव्हती. पण ते इथून दिसत नाही, माथ्याच्या आड जातं. त्यावर काहीतरी उभं करायला हवं."

"काय उभं करणार? आणि कोण जाणार?"

"मीच उभी राहते."

"टेग."

"बोट गावाकडे परत जातेय. बोटवाल्या बाई सोडतील मला."

"गठ्ठे घेतील का मग त्या?"

"सकाळीच त्यांना विचारलं. माणूस घेऊ म्हणाल्या. गवत नाही. पलीकडे म्हातारी माणसं अडकलीत."

काकांनी माझ्या अंगावरच्या शहरी कोटाकडे पाहिलं. "हा करडा दिसणार नाही मला. घरात जा. दारामागे त्याचा रेनकोट असेल."

होता. पिवळा, कोपरांना चिकटपट्ट्या लावलेला. काल तो जुना कोट घालून गेला होता, कारण हा चांगला होता. खिशात सुतळीचा गुंडा आणि पेपरमिंटच्या गोळ्या होत्या.

*

बोटवाल्या बाईनं मला टंपाच्या पायथ्याशी सोडलं आणि ती निघून गेली. मी हातांनी गवत धरत वर चढले. माती पायाखाली भिजलेल्या पावासारखी दबत होती. मेंढ्या माझ्याकडे आल्या, हात हुंगले, हात रिकामे बघून माझ्याकडेच बघत राहिल्या. नेल पोटावर सरपटत जवळ आली. तिनं रेनकोटाची कड हुंगली, मग माझा चेहरा पाहिला. मग ती परत कामाला गेली.

खोड ताजं होतं, पांढुरकं, मधोमध रोगाचा तपकिरी डाग. मी त्यावर चढले. खाली झुडपाच्या बाजूला खंदकाचं पाणी होतं. कुंपणाच्या तारेचा एक काळा तुकडा पाण्याबाहेर आला होता. काल तो बुडालेला असणार. मी तिकडे एकदाच पाहिलं.

बांधावर ट्रॅक्टर हलला, थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. पाण्यावरून आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"आलीस!" काका ओरडले. "मनोऱ्याच्या पोटात आलीस! आता हलू नकोस!"

ट्रॅक्टर खाली उतरला. पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत चढलं. मेंढ्यांना गवताचा वास लागला आणि त्या माझ्या पायांत घुसायला लागल्या, गुडघ्यांना धडका देत. मी हात पसरले. हललं की गेलं, एवढंच मला कळत होतं. झाड इतकी वर्षं काय करत होतं, ते मला त्या वेळी कळलं. ते नुसतं हलत नव्हतं.

मध्यावर आल्यावर ट्रॅक्टर तिरका झाला. उजवं पुढचं चाक खाली गेलं. इंजिनाचा आवाज बदलला.

"टेग! मनोरा दिसतोय!"

"कुठल्या बाजूनं?"

"काय?"

"मनोरा माझ्या कुठल्या बाजूनं डोकावतोय?"

"उजव्या! माझ्या उजव्या!"

"म्हणजे तुम्ही उजवीकडे गेलात! मागे घ्या आणि डावीकडे या! पाण्याकडे बघू नका काका, माझ्याकडे बघा!"

चाक फिरलं, चिखल उडाला, चाक जागीच फिरत राहिलं. एक गठ्ठा मागून घसरून खंदकात पडला, बुडाला, वर आला आणि सावकाश वाहत निघाला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मग ट्रॅक्टर एक हिसका देऊन मागे आला, डावीकडे वळला आणि सरळ माझ्या दिशेनं चढत आला. पाणी चाकांवरून उतरत गेलं. आधी निम्मं चाक दिसलं, मग सगळं.

काकांनी सुतळ्या कापल्या आणि गवत पायथ्याशी पसरलं. मेंढ्या तुटून पडल्या. थोड्या वेळानं टंपावर फक्त चावण्याचा आवाज उरला. त्या आता इथंच राहणार होत्या. पाणी उतरेपर्यंत त्या इथून हलणार नव्हत्या.

मी अजून खोडावरच उभी होते. काका वर आले, छातीवर हात धरून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोडाकडे पाहिलं, मग वळून मनोऱ्याकडे.

"उतर आता," ते म्हणाले. "झालं काम."

मला उतरता येईना. त्यांनी हात दिला.

"मनोरा ज्या बाजूनं डोकावेल त्याच्या उलट सरकायचं," ते स्वतःशीच म्हणाले. "इतकी वर्षं शेजारी राहिलो, मला कधी सांगितलं नाही त्यानं. मी विचारलं नाही म्हण. तुला त्यानंच शिकवलं ना गं हे?"

मी त्यांचा हात धरून खाली उतरले.

"बाबांनी," मी म्हणाले. "माझ्या बाबांनी."